रिकामी भांडी ऑस्ट्रेलियाला

मुलगी ऑस्ट्रेलियाला गेली ती दोन बॅगा घेऊन. अंबाजोगाईत नोकरी करताना तिने जमवलेला संसार आमच्या पुढच्या खोलीत येऊन पडला: शिलाई मशीन, पुस्तकं, गाद्या आणि भांडी. भांड्यांना अंत नव्हता. तिकडे तिला घर मिळालं, तेव्हा हे सगळं जहाजाने पाठवायचं ठरलं आणि कागदोपत्री मी ‘शिपर’ झालो. समुद्र मी आयुष्यात दोनदा पाहिलाय, तोही किनाऱ्यावर बसून.

सामान पाठवणारी कंपनी पुण्याची. तिचा माणूस स्वतःला ‘मूव्ह मॅनेजर’ म्हणवून घेई. त्याच्या पहिल्या मेलमध्ये ‘आपल्या नव्या प्रवासाचे आम्ही साक्षीदार’ असं लिहिलेलं होतं आणि सोबत सत्तावीस पानांचा फॉर्म. कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केल्यामुळे छापलेलं शेवटपर्यंत वाचायची मला खोड आहे. तेव्हा वाचलं. ‘डोअर टू पोर्ट’ म्हणजे आमच्या दारापासून तिकडच्या बंदरापर्यंत. पुढे मुलीच्या दारापर्यंत सामान कसं जाईल, हे मुलीने आणि देवाने पाहायचं. ‘शेअर्ड कंटेनर’ची व्याख्या मी दोनदा वाचली आणि बायकोला समजावून सांगू लागलो. ती भाजी निवडत होती. “म्हंजी काळी-पिवळी जीप,” ती म्हणाली. “भरल्याबिगर निघत न्हाई.” सत्तावीस पानांत इतकं स्वच्छ वाक्य एकही नव्हतं.

घोळ झाला तो ‘ओनर पॅक्ड’पाशी. कंपनीच्या माणसांनी सामान बांधलं तर आत काय आहे त्याला कंपनी जबाबदार; मालकाने बांधलं तर मालक. परक्या गड्यांनी लेकीची भांडी हाताळायची नाहीत, असं बायकोने जाहीर केलं आणि चार दिवसांत एकवीस खोकी बांधली. मी शेजारी खुर्ची टाकून यादी करत होतो: स्टीलचा डबा, वापरलेला, एक. झाकण उघडून आत पाहावं असं मला सुचलं नाही.

टेम्पो दुपारी चारला येणार होता. सकाळी अकराला मॅनेजरने मेलवर पाठवलेलं आणखी एक पान मी वाचायला घेतलं. हे पान मुलीच्या सहीसाठी तिकडे पाठवायचं होतं. सामानात धान्य, बिया, माती, वाळलेली पानं यातलं काहीही नाही, असं तिने लिहून द्यायचं. माझा वैताग बायकोलाही थोडा मिळावा म्हणून मी ते मोठ्याने वाचलं. तिने बांधलेल्या खोक्यांकडे पाहिलं.

“जवारी चालती का?” तिने विचारलं.

“कुठली ज्वारी?”

“मूठ-मूठच हाय. लेकीला रिकामं भांडं कुनी देतं का?”

देत नाहीत. आमच्याकडे शेजारणीची वाटीसुद्धा साखरेची चिमूट टाकल्याशिवाय परत जात नाही. हे सगळं माहीत असून मी चार दिवस खुर्चीत बसून डबे मोजत होतो.

“किती भांड्यांत?”

“समद्यांतच.”

मॅनेजरला फोन लावला. “सर, बायोसिक्युरिटी इश्यू होऊ शकतो,” तो म्हणाला. जरा खोदून विचारल्यावर मराठीत आला. सापडलं तर सामान उघडतील, कदाचित नष्ट करतील, कंटेनरमधल्या इतरांचंही अडकेल. “आणि सर, सही मॅडमची असणार.” म्हणजे नवी नोकरी, नवा व्हिसा, आणि तिथल्या सरकारला मुलीने दिलेला पहिलाच कागद खोटा.

तेवढ्यात युसूफ वडगाव या गावाहून मेहुणे आले. माजी सरपंच. टेम्पो मार्गस्थ करायला म्हणून कडक इस्त्रीचे पांढरे कपडे घालून आले होते.

“दाजी, कावून एवढं मनाला लावून घेता? बंदरात आपला मानूस हाय.”

“कुठल्या बंदरात?”

“मुंबईच्या.”

“तपासणी ऑस्ट्रेलियात होते.”

“मग तिथं बघू कुनी हाय का.”

आम्ही खोकी फोडायला लागलो. कपड्यांमुळे मेहुण्यांनी सूचना देण्याचं काम पत्करलं. परातीत ज्वारी जमू लागली. डब्यांच्या कडांत बसलेले दाणे मी टाचणीने काढत होतो. सातव्या खोक्यापाशी बायको थांबली.

“रिकामंच पाठवायचं ना? मग तुमी पाठवा. मी न्हाई हात लावत.”

ती चिडली नव्हती, तेच अवघड होतं. लेक तिकडे खोकं उघडणार, झाकण काढणार आणि आत आईने काहीच ठेवलेलं नसणार, एवढंच तिला दिसत होतं. मी म्हटलं, खण घालू, कापड चालतं. ती उठून कपाटातले कोरे खण घेऊन आली. मला मात्र एकोणिसावं पान आठवलं: ‘वापरलेले घरसामान’ यात नवी वस्तू बसत नाही, ती बिलासह वेगळी दाखवावी. मी तेही वाचून दाखवलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू फॉर्म मीच लिहिलाय.

ती पुन्हा आत गेली आणि धुऊन धुऊन विरलेली आपली घरातली सुती साडी घेऊन आली.

“ही वापरलेली हाय का तुमच्या कागदात?”

“आहे.”

तिने साडी टरकावली. भांड्यागणिक एक तुकडा, चौकोनी घडी घालून. मी पुन्हा मॅनेजरला विचारलं, यादीत हे काय म्हणून लिहू?

“ते पॅकिंग मटेरियल, सर. नाही लिहिलं तरी चालेल.”

“मटेरियल म्हंतो मेला,” बायको म्हणाली. “लिहा तुमी, नीट लिहा.”

मी लिहिलं: सुती साडी, वापरलेली, एक, तुकडे चौतीस. खोकी पुन्हा बांधून झाली तेव्हा पाच वाजले होते. टेम्पो अजून आलाच नव्हता.

यादी आणि ते पान मुलीला पाठवलं. दहा मिनिटांत तिचा फोन. “बाबा, चौतीस तुकडे म्हणजे काय? फाटलेली साडी कशाला पाठवताय?”

बायकोने माझ्या हातातून फोन घेतला. “डबा उघडल्यावर कळंल,” ती म्हणाली. “तू सही कर आधी. धान्याचा दाना न्हाई त्यात, मी सोता पाहिलंय.”

मुलीने सही केली.