कवडूजींची बिदाईची धून

…तर मशकबाजाच्या, म्हणजे बॅगपाइपच्या पिशवीत कवडूजी गुळाचं पाणी का ओतायचे, इथवर काल गोष्ट आली होती. नागपूरच्या उन्हात त्या पिशवीचं कातडं पापडासारखं कडक होतं आणि हवा निसटते. गुळानं ते मऊ राहतं. पण मुंग्या लागतात, त्याचं काय? एकदा नागपुरातल्याच महाल भागातल्या वरातीत मुंग्या पिशवीवरून सदऱ्यात आणि सदऱ्यातून पाठीत उतरल्या. कवडूजींनी फुंक सोडली नाही, नुसते वळवळत राहिले. नवरदेवाच्या मामाला वाटलं, गडी रंगात आला. त्यानं आपल्या गळ्यातला हार काढून कवडूजींच्या गळ्यात घातला.

चाळीस वर्षं ते लग्नाच्या बँडमध्ये होते. नवरी निघायची वेळ झाली की बाकीचे बाजे थांबायचे आणि कवडूजी एकटे बिदाईची धून वाजवायचे. संथ, लांबवत. दगडासारखे बापही उपरण्यात तोंड लपवायचे. स्वतःच्या मुलीच्या, शामलाच्या बिदाईलाही त्यांनीच वाजवली. दोन्ही हात बाजात अडकलेले, त्यामुळे डोळे पुसता आले नाहीत.

ही धून त्यांच्या वडिलांची, नत्थूजींची. नत्थूजी तरुणपणी कामठीच्या छावणीबाहेर गवत कापायचे. आत गोऱ्यांची स्कॉटिश पलटण होती. रोज एक गोरा मशकबाजावर ही धून वाजवायचा, आणि ती वाजली की मैदानातले सगळे शिपाई उठून निघून जायचे. नत्थूजी समजले, ही निरोपाची धून. कुंपणाबाहेरून जेवढी कानावर पडली तेवढी त्यांनी उचलली. शेवटचा तुकडा तेवढा निसटला.

तो तुकडा कवडूजींना आयुष्यभर सलत होता. आता त्यांचं वय चौऱ्याहत्तर. लग्नात डीजे आले, बाजा ट्रंकेत गेला. पण शामलाच्या मुलीचं, हिमानीचं लग्न फाल्गुनात ठरलं होतं. छातीत उरलेला दम तिच्या बिदाईसाठी राखून ठेवला होता, आणि निदान तिला तरी अर्धी धून द्यायची नव्हती.

अशात पेपरात आलं, स्कॉटलंडचा लोकसंगीताचा बँड भारताच्या दौऱ्यावर आहे आणि नागपुरातही कार्यक्रम आहे. हिमानीची मैत्रीण अपेक्षा त्या सभागृहात माइकचं काम बघायची. दुपारी सराव चालू असताना हिमानीनं आजोबांना स्कूटरवर बसवलं. मध्ये टॉवेलात गुंडाळलेला बाजा.

बँडमधली मशकबाजावाली कर्स्टी साठीची, गालांनी लालबुंद. कवडूजींनी तिला हात जोडले, बाजा काखेत घेतला आणि डोळे मिटून धून धरली.

दोन ओळी झाल्या नसतील, तोच फिडलवाला हसू लागला. त्यानं घास घेतल्यासारखा हात तोंडाशी नेला. कर्स्टीही हसली, मग कवडूजींचा चेहरा पाहून हिमानीकडे वळली. तिला इंग्रजीत हळू आवाजात काहीतरी सांगत राहिली.

"काय म्हणते वं बाई?"

"आबाजी, तुम्ही आधी बसा."

"उभाच बरा हावो. सांग."

"हे पलटणीतली जेवाची धून आहे म्हणते. वाजली का शिपाई जेवाले पळत. तिचा आजा वाजवे. एवढी हळू मात्र तिनं जन्मात ऐकली नाही म्हणते."

मग कवडूजी बसले. सावनेरची पोर आठवली, पारशिवनीच्या दोघी बहिणी आठवल्या. सगळ्या पदरानं डोळे पुसत जीपमध्ये चढल्या होत्या, आणि त्यांच्या मागे आपण काय वाजवत होतो? ताटं वाढली, या जेवायला. शामलाच्याही मागे तेच.

कर्स्टी त्यांच्या शेजारी येऊन बसली. आपला बाजा घेऊन तिनं ती धून पहिल्यापासून वाजवली, त्यांच्याच संथ चालीत, आणि शेवटचा तुकडा जोडला. पुन्हा वाजवला. तिसऱ्या वेळी कवडूजींची बोटं मांडीवर हलू लागली. पाचव्या वेळी त्यांनी स्वतःचा बाजा उचलला आणि धून शेवटपर्यंत नेली. फिडलवाला आता हसत नव्हता.

बाहेर आल्यावर हिमानीनं स्कूटर सुरू केली नाही. किल्ली हातात घोळवत तिनं विचारलं, "आबाजी, मग माह्या बिदाईले दुसरी कोणती वाजवाल?"

कवडूजी बाजा सांभाळत मागे बसले आणि म्हणाले, "दुसरी काहून वं? हेच वाजवीन, आता तर पुरी येते मले. तू फक्त तुह्या सासूले सांगून ठेवजो, हे वाजलं का पोरीले ताट वाढा लागते."