पाळण्यावरची तक्तपोशी

घरात सुतारकाम निघालं की भुसा आणि किस्से दोन्ही साचतात. भुसा मी झाडून काढला; किस्से अजून कोपऱ्याकोपऱ्यातून निघतायत!

सिंदेवाहीला आमचे हे आरा मशीनवर, म्हणजे लाकूड कापायच्या गिरणीत, मॅनेजर होते. घर कवेलूचं, म्हणजे कौलारू. एकदा वरून विंचू पडला, तो नंदूच्या पाळण्यापासून हातभर अंतरावर! नंदू चार महिन्यांचा. तेव्हापासून मी जेवतानाही छताकडेच बघायची. शेवटी हट्ट धरला: खोलीला कवेलूंखाली लाकडी तक्तपोशी हवी, भिंतींनाही फळ्या हव्यात, आणि त्याही देवदाराच्या. नवी मशीन देवदाराच्या खोक्यांतून आली होती, ती खोकी पडूनच होती.

सुतारकामाला आलेल्या सोमाजी मिस्त्रींनी रंधा खाली ठेवला. "सागवानाच्या मुलखात देवदार? काऊन बाई?"

"त्याच्या वासानं किडे येत नाहीत. पुस्तकात दिलंय."

"विंचवाले वाचता येते का?"

*

खोक्यांचे खिळे मी समोर उभं राहून काढून घेतले. "एकही राहिला नाही," असं छातीठोकपणे सांगितलं. पहिल्याच फळीला करवतीचा दात तुटला! मिस्त्रींनी आत राहिलेला खिळा माझ्या तळहातावर ठेवला. "हा पुस्तकात नसंन."

*

रंधा मारलेल्या फळ्या अंगणात वाळत घातल्या आणि आभाळ भरून आलं. मी धावले. एकेक फळी आत नेली, एकही भिजू दिली नाही. धापा टाकत वळले, तर अंगणात टोपलीत निजवलेला नंदू मिस्त्रींच्या खांद्यावर!

"बाई, हे एक फळी राह्यली!"

*

भिंती झाल्या. शेजारच्या मंजुळाबाई उंबऱ्याशीच थबकल्या आणि हात जोडले. "वास त मंदिराचा येऊन राह्यला. कोणता देव बसवला वो?"

"देव नाही हो, हे विंचवासाठी आहे."

त्यांनी हात आणखी घट्ट जोडले!

*

तक्तपोशीचा नकाशा मीच काढला. भूमितीत पहिली यायची ना! दार, खिडकी, कोपरे, सगळं इंचात. शेवटची फळी बसली. जोड असे, की सुई जाणार नाही. मी ऐटीत पाळणा आणला आणि वर पाहिलं. पाळण्याची कडी तुळईला, आणि तुळई तक्तपोशीच्या वर!

"मिस्त्री, कडी?"

"कागदात नव्हती बाई."

मी रडकुंडीला आले. त्यांनी शिडी लावली, हात जाईल एवढं भोक पाडलं, दोर कडीत अडकवला. पाळणा लटकला. नंदूला खाली ठेवणार, तोच वर काहीतरी खसखसलं. मी त्याला छातीशी धरून मागे सरले.

टप्! विंचू. थेट रिकाम्या पाळण्यात.

मिस्त्रींनी तो पक्कडीत धरून बाहेर नेला. परत आले, भोकाकडे पाहिलं आणि समाधानानं म्हणाले,

"पाहा बाई, आधी कुठूनही पडे. आता जागा त पक्की झाली!"