कुणाची बाई

दार मीच उघडलं. लंडनच्या त्या घराचं दार सहा वर्षं मीच उघडत होते. बाहेर कोटाला लाल फीत लावलेला माणूस, हातात यादी. निवडणूक तोंडावर आली होती. मला बघून त्यानं टोपी काढली आणि विचारलं, या घरात मतं किती? मी काही बोलायच्या आत मागून मालक आले. म्हणाले, आम्ही निजामाची प्रजा, आम्हाला इथं मत नाही. त्या माणसानं माझ्याकडं पाहिलं. "आणि ह्या बाई?"

मालक हसले. "ती होय? ती आमची आहे."

इंग्रजीत म्हणाले. त्यांना वाटलं, मला कळत नाही. सहा वर्षांत दगडालासुद्धा कळलं असतं. निजामाच्या प्रजेचीही प्रजा असते, ती मी. दार लावून मी मालकांच्या लेकाचं, बाबाचं, दूध तापवायला गेले.

मालक म्हणजे आमच्या गावचे देशमुख. गाव तामलवाडीच्या अंगाला, निजामाच्या हद्दीत. नाका ओलांडला की इंग्रजांचं सोलापूर. मी त्यांच्या रानात खुरपणारी. नवरा साप चावून गेला तेव्हा मंजुळा पोटात होती. ती जन्मली त्याच महिन्यात देशमुखीणबाईंना मुलगा झाला, आणि बाईंना दूध उतरेना. मला बोलावणं आलं. माझ्या लेकीच्या वाटचं दूध मी बाबाला पाजलं. मंजुळा शेळीच्या दुधावर राहिली.

वर्षभरात मालक बॅरिस्टर व्हायला विलायतेला निघाले. बाबा माझ्याशिवाय झोपत नव्हता. "दोन वर्षांचा तर प्रश्न आहे," बाई म्हणाल्या. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी नाही म्हणाले नसते, आणि तेच मला अजून खातं. मंजुळाला आईच्या पदरात टाकून मी गेले. बोटीच्या यादीत त्यांची तिघांची नावं होती. माझ्या जागी लिहिलं होतं, देशमुखांची आया. मालकांनीच हसत वाचून दाखवलं.

मग युद्ध पेटलं. दोनाची सात वर्षं झाली.

गावाकडून कागद यायचे. आई मास्तरांकडून लिहून घ्यायची. मला अक्षर येत नव्हतं, मालक वाचून दाखवायचे. मंजुळा चालायला लागली. मंजुळा लई बोलते. मंजुळा शाळेच्या ओट्यावर जाऊन बसते. बाबाचा पुढचा दात पडला, त्याच पंधरवड्यात कागद आला की मंजुळाचाही दात पडला. मी हरखले. म्हणाले, "बघा बाई, एका दुधाची लेकरं!" बाई खिडकीबाहेर बघत बसल्या.

त्या इमारतीचे जिने पुसायला पार्क्सबाई यायची. पन्नाशीची, गुडघ्यांनी अधू. तिनं एकदा विचारलं, "आया हे काय नाव झालं? तुझं नाव काय?" माझ्या तोंडातून ते पटकन निघेना. सासरी अमक्याची बायको होते, मग मंजुळाची आई. स्वतःचं नाव कुणाला सांगायची वेळच आली नव्हती. सगळेच इंग्रज तिच्यासारखे नव्हते. खाटकाच्या रांगेत मी कितीही आधी उभी राहिले तरी माझी पाळी शेवटीच यायची.

मतदानाच्या दिवशी पार्क्सबाई डोक्यावर हॅट घालून आली. मी विचारलं, ज्यानं युद्ध जिंकलं त्यालाच ना मत? ती म्हणाली, "जिंकलं, उपकार झाले. पण माझं घर बॉम्बनं पडलंय आणि पोरगा परत येतोय. त्याला छप्पर कोण देणार, तेवढं मी बघणार."

काही आठवड्यांनी निकाल लागला. युद्ध जिंकणारा पंतप्रधान पडला. दुसऱ्या दिवशी पार्क्सबाई नेहमीच्या वेळी बादली घेऊन हजर. "काढला आम्ही त्याला," म्हणाली आणि गुडघे टेकून जिना घासायला लागली. मी बघत राहिले. आमच्या माणसांना तुरुंगात डांबणारं हे सरकार घरी मात्र जिना घासणारीला भिऊन होतं. मला राग आला, तिचा नव्हे. हे लोक आमच्याकडं येतात तेव्हा एवढी एक गोष्ट घरी ठेवून येतात.

बोटी सुरू झाल्या. कापड अजून कुपनांवरच मिळायचं; पार्क्सबाईनं आपली कुपनं मला दिली. मंजुळाच्याच वयाच्या तिच्या नातीला उभं करून माप घेतलं आणि मी मंजुळासाठी निळा झगा शिवला. बोटीवर तो रोज काढून बघायचे आणि परत घडी घालायचे.

गावी पोचले तेव्हा आई चुलीपाशी होती. मी झगा काढला. "मंजुळा कुठंय?"

आई माझ्या तोंडाकडं बघतच राहिली. "तुला कळवलं व्हतं की गं. तापात गेली. तीन सालं झाली. मास्तरानं माझ्याम्होरं बसून कागद लिवला. त्याच्या म्होरच्या हरेक कागदात एकच लिवलं, तू ये."

तीन वर्षं. म्हणजे दात पडायच्या आधी. माझी पोर मेली आणि मालक मला तिचे दात पाडून दाखवत होते.

मी देशमुखांकडं गेले. विचारलं. बाईंनी नजर चुकवली नाही. म्हणाल्या, "तुला सांगितलं असतं तर तू खचली असतीस. बाबाला दुसऱ्या कुणाची सवय नव्हती." आणि लगेच, "उद्यापासून ये. तो तुला विचारतोय."

"येत न्हाय," मी म्हणाले. त्यांना असं मी पहिल्यांदाच म्हणत होते. आतून बाबानं हाक मारली. त्याच्यावर माझा जीव होता, अजून आहे. मी वळले नाही.

निजामाचं राज्य गेलं. मग चावडीत कारकून आला, मतदारांची यादी करायला. शेजारी खुर्चीत देशमुख. बाया एकेक करून पुढं जात होत्या. बापूची आई. गणपाची बायको. स्वतःचं नाव घ्यायला लाजत होत्या. माझी पाळी आली.

"कुणाची गं तू?" कारकुनानं विचारलं.

"लिहा, आमच्याकडची आया," देशमुख म्हणाले.

"आया लिवू नका," मी म्हणाले. "म्या कुणाची न्हाय. माझं नाव लिवा."

मंजुळाची आई असंही सांगता आलं असतं. पण त्या देशमुखांसमोर मी तिचं नाव घेणार नव्हते. मी माझंच नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, चावडीभर ऐकू जाईल असं. मग मागच्या बायांना म्हणाले, "सांगा गं आपापली नावं. तोंडं काय शिवलीत व्हय?" दोघींनी सांगितली. बाकीच्या पदराआड हसल्या.

कारकुनानं लिहिलं आणि मला वाचून दाखवलं. माझंच नाव. मी खाली वाकून कागदाकडं बघितलं. काळ्या मुंग्यांची रांग. त्यात माझं नाव होतं की आया होतं, मला कळेना. वाचून तर मालकांनीही दाखवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी पाटी घेऊन मास्तरांच्या ओट्यावर, पोरांच्या मागं जाऊन बसले. पोरं हसली, मास्तरही हसले. हसू देत. माझ्या नावचा कागद यापुढं माझ्याशिवाय कुणी वाचणार नाही.