बाटलीवरची माझी आई

आज, शनिवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, हाटकेशमधल्या बिअर बनवणाऱ्या एका गाळ्यात मी माझ्या आईला बाटलीवर चिकटवलेलं पाहिलं.

भाच्याने मला चव घेण्याच्या कार्यक्रमाला नेलं होतं. पहिल्या दोन बिअर खोकल्याच्या औषधासारख्या. तिसरी आंबट, धण्याच्या वासाची, शेवटी जिभेवर मीठ ठेवून जाणारी. खोटं कशाला बोलू, उत्तम होती. म्हणून बाटली हातात घेतली.

लेबलवर डोक्यावर मिठाची पाटी घेतलेली बाई. खाली नाव, 'खारी मावशी'.

मंडळी, हा फोटो आमच्या घरातला. मिठागरांच्या प्रदर्शनाला मीच हौसेने दिला होता, मागे आईचं नाव लिहून. मूळ फोटोत शेजारी मी आहे, पाच वर्षांची. यांनी मला कापलं, पण आईच्या पदराला धरलेली माझी चार बोटं तशीच राहिली.

मालकाला म्हटलं, "ही माझी आई."

"अरे वा आंटी, मग बाटली धरून एक फोटो होऊन जाऊ दे ना."

"छापताना विचारलंत कोणाला?"

"नेटवर होता. इतकं जुनं कोण विचारतंय?"

मी विचारतेय. तिच्या पायांच्या भेगांत मीठ जायचं. घरी आली की खोबरेल लावत बसायची. त्याच मिठावर मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. आज टेबलाजवळच्या कचऱ्याच्या डब्यात ती अकरा वेळा पडलेली होती. मी मोजलं.

मालक, लेबलं कधी उतरवताय, याचं लेखी उत्तर मला बुधवारी संध्याकाळी पाचच्या आत हवं. तिचं नाव हिराबाई. उत्तरात ते लिहा.