राखेतली काच

मुरबाड-शहापूरचा पाऊस ही माझी सबब आहे, असं माझ्या पीएचडीच्या सरांचं ठाम मत होतं. मी शहापुरात फिजिक्स शिकवते आणि चांदी मिसळलेल्या काचेवर काम करते. या काचेतून चांदीचे आयन सरकतात. प्रकाश पडला की ते जास्त सरकतात का, एवढंच मला करंटवरून मोजायचं होतं. पण ही काच ओल ओढते, आणि ओलीनंही करंट वाढतो. "बाई, तुम्ही प्रकाश नाही, दमट हवा मोजताय," असं सर सगळ्यांदेखत म्हणाले. एसीत बसून बोलायला काय जातंय! पीएचडीच्या मुदतीचं माझं ते शेवटचं वर्ष होतं.

काचेचे नमुने अंधारात आणि कोरडे राहायला हवे होते. आमच्या लॅबमधला ओव्हन बंद, तक्रार केली की "बघू". ओल शोषणारे निळे खडे दोन दिवसांत गुलाबी पडत. एकदा ते मी रागानं टेबलावर आपटले, तेव्हा लॅब झाडणाऱ्या मावशी म्हणाल्या, "आमी बियाणं ठेवतो तसं ठेवा ना मॅडम. राखेत, चुलीवरच्या माळ्याव. नाय उजेड, नाय वल."

मावशी डोळखांबकडच्या पाड्यावरून येत. त्यांनी राख चाळली, तव्यावर भाजली, काळ्या फडक्यातल्या काचा डब्यात पुरल्या. पावसाळाभर त्या डबा पोटाशी धरून एसटीनं ने-आण करत राहिल्या.

मग आकडे बोलू लागले. तापत नाही असा दिवा लावला की करंट वर, विझवला की खाली. शंभरदा केलं, तेच. ओल काही बटण दाबल्यावर येत-जात नाही.

सर खूश झाले. "फक्त ते चूल-राख काढून टाका. लॅबमधलं निळ्या खड्यांचं शुष्कपात्र लिहा. लोक हसतील." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घरी येऊन मी त्यांना नाही नाही ते बोलले, भांडी आदळली, नवऱ्याचं डोकं खाल्लं. आणि दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं शुष्कपात्र टाइप केलं.

बांधून आलेला प्रबंध मावशींनी पदराला हात पुसून हातात घेतला. पानं उलटत विचारलं, "आमच्या राखेचं लिवलंव ना मॅडम?"

"हो," मी म्हणाले. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून मला त्या क्षणी हायसं वाटलं. सरांवर चिडायचा माझा हक्क तिथंच संपला.