फुकटच्या लोखंडाचं वजन

हिंगोलीच्या एका शोरूमवाल्याने मला फसवलं, हे आधीच सांगून टाकतो. हळद शिजल्याचा वास आला की त्याचा तो गुळगुळीत चेहरा आठवतो. त्याच्या जाहिरातीत पिकअप सतरा क्विंटल माल नेते, असं लिहिलं होतं. किमतीत तो हलेना, म्हणून मी भांडून जाड पत्र्याची, दुहेरी अँगलची बॉडी फुकट बसवून घेतली आणि आपण जिंकलो असं समजलो. पहिल्याच खेपेला सतरा क्विंटल हळद न्यायचं मी जवळा बाजारच्या व्यापाऱ्याला कबूल केलं होतं. तिथल्या काटेवाल्या म्हाताऱ्याने रिकामी गाडी तोलली, गाडीच्या कागदावरच्या एकूण वजनातून ते वजन वजा केलं आणि म्हणाला, "तेराच बसतात, शेठ. बाकीचे चार तुमच्या बॉडीनं खाल्ले." व्यापाऱ्याने माझ्यादेखत दुसरी गाडी बोलावली आणि पुन्हा कधी मला माल दिला नाही. मी तडक शोरूम गाठलं. "सतरा म्हंजे उघड्या चासीवर, काका," तो चहा ढवळत म्हणाला. "बॉडी, ताडपत्री, ड्रायव्हर, समदं त्यातच धरायचं." मी म्हणालो, "मग जाहिरातीतली पोती काय हवेत तरंगून राहिली होती?" तो म्हणाला, "जाड पत्रा तर तुमीच मागितला." आज माझ्याकडे तीन गाड्या आहेत आणि नंतरची एकही मी रिकामी तोलल्याशिवाय घेतली नाही. पण किलोकिलोचा हिशेब ठाऊक असलेल्या त्या दीडशहाण्याने, मी लोखंड मागत होतो तेव्हा हसत मान का डोलावली, याचं उत्तर त्याने मला समोर येऊन द्यावं.