तिसरं मत माझं होतं

"हे मी नाही म्हणत हं, मावशी. लोक म्हणतायत. ऐका."

नेरळच्या एका नव्या इमारतीत, सहाव्या मजल्यावर, फ्लॅटच्या उंबऱ्याबाहेर माझी आई उभी होती. उंबऱ्याच्या आत एक तरुण बाई, हातात मोबाइल. गेले दोन महिने रोज सकाळी आई त्या घरी बाळाला न्हाऊ घालायला जात होती. त्या रविवारी तिला आत घेतलं नव्हतं. ती चपला काढून अनवाणी उभी होती, आता बोलावतील या समजुतीने.

मी तिला न्यायला गेले होते. लिफ्ट बंद होती म्हणून जिन्याने चढले. शेवटच्या वळणावर आवाज ऐकला आणि थांबले.

बाई वाचत होती. शाळेत निकाल वाचतात तशी.

"'आमच्याकडे पण अशीच एक यायची. मी दुसऱ्या दिवशी बंद केली.' ऐकलंत? पुढचं. 'या बायका बाळाला पायावर धुणं आपटल्यासारखं आपटतात.' आणि ही तिसरी. हिला सगळ्यात जास्त हार्ट आहेत. 'नाकात तेल घालणं धोक्याचं आहे. आपण काय करतो हेच ज्यांना कळत नाही, अशा अशिक्षित बायकांच्या हातात बाळ देण्याआधी दहा वेळा विचार करा.' ह्या ग्रॅज्युएट आहेत हं मावशी. आरोहीची आई. फार अभ्यासून लिहितात."

आई म्हणाली, "बरं."

आरोही माझी मुलगी. आरोहीची आई म्हणजे मी.

आठ-दहा पायऱ्या चढायच्या होत्या. चढून म्हणायचं होतं, ते वाक्य माझं आहे आणि ही माझी आई आहे. दोनच गोष्टी. मी भिंतीला हात लावून उभी राहिले.

"उद्यापासून नका येऊ," बाई म्हणाली. "खाली अजून पण लिहिलंय लोकांनी. ते नाही वाचत मी, तुम्हाला वाईट वाटेल."

दार लागलं. आईने चपला पायात सरकवल्या, वळली आणि मला बघितलं.

"कवा आलीस गं?"

"आत्ताच."

आईच्या तोंडावर बोललेलं माझं ते पहिलं खोटं नव्हतं. पण सगळ्यात घाण तेच.

माझं माहेर कडावच्या पुढे एका गावाच्या टोकाला, बौद्धवाडीत. आई तिशीपासून बाळं न्हाऊ घालते. आधी कर्जतच्या जुन्या घरांतली, वकिलांची, मास्तरांची, दुकानदारांची. नेरळला इमारती उठल्या तशी ती तिकडे जायला लागली, दोन रिक्षा बदलून. मोरीत पाटावर बसायचं, पाय लांब करायचे, बाळाला नडग्यांवर पालथं घ्यायचं. तेल आधी स्वतःच्या तळहातात गरम करायचं. मग पाठ, मग मांड्या, मग टाळू. रडणारं मूल तिच्या पायांवर गप्प होतं हे मी शंभरदा पाहिलंय.

जुन्या घरांत बारशाला न्हाऊ घालणारीला लुगडं द्यायची पद्धत आहे. आईलाही मिळायचं. लुगडं मिळायचं, आणि जेवायला पान मागच्या पडवीत. जे हात सकाळी बाळाच्या तोंडावरून फिरले, ते दुपारी घरातल्या कपाला चालत नव्हते. लहानपणी मी आईबरोबर त्या पडवीत जेवलेय. मला तेव्हा वाटायचं, मागे वारा चांगला येतो म्हणून आम्हाला तिथे बसवतात.

त्या हातांनी मला शिकवलं. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. आता कर्जतला एका शाळेच्या ऑफिसात कामाला आहे. शिकवणाऱ्यांचे उपकार मी विसरत नाही. सर म्हणाले बस, की बसले. मॅडम म्हणाल्या तुझा उच्चार सुधार, की सुधारला. 'आणि'चा ण म्हणायला मी आठवीत एक अख्खी दिवाळीची सुट्टी घालवली. जो शिकवेल त्याच्यासमोर मान डोलवायची, ही सवय मला तिथेच लागली.

आरोही झाली तेव्हा एका मैत्रिणीने मला आयांच्या त्या ग्रुपमध्ये घातलं. बदलापूरपासून खोपोलीपर्यंतच्या हजारो बाया त्यात आहेत. तिथे कुणी स्वतःचं नाव लावत नाही. मुलाच्या नावाने ओळख. कियानची आई, मिहिरची आई, आरोहीची आई. आडनाव नाही, गाव नाही, वाडी नाही. मला ते फार आवडलं. का आवडलं, हे तेव्हा स्वतःला विचारलं नाही.

आमच्या ऑफिसातले शिपाईमामा म्हणतात, "आमच्या वेळेला पोरं देवाच्या भरवशावर वाढली, आता मोबाइलच्या." सगळे हसतात. मी हसत नाही. आरोहीला कावीळ झाली तेव्हा कुठली लक्षणं दिसली की न थांबता दवाखाना गाठायचा, हे मला त्या ग्रुपवरच्या एका अनोळखी बाईने सांगितलं. दूध कमी येतं म्हणून मी रडत होते तेव्हा तिथल्याच बायांनी धीर दिला. ते उपकार आहेत. मी नाकारत नाही.

पण तिथे मी हळूहळू मोठी झाले. वाचून लिहायची, शुद्ध लिहायची. "आरोहीच्या आईला विचारा," असं लोक म्हणायला लागले. मला ते गोड लागायला लागलं. आणि एक दिवस कियानची आई, म्हणजे दारातली ती बाई, हिने विचारलं: न्हाऊ घालायला येणारी बाई नाकात तेल घालते, चालेल का? फोटो नव्हता, नाव नव्हतं. मी दुपारच्या सुट्टीत डबा खाता खाता उत्तर टाकलं.

नाकात तेल घालू नये हे बरोबरच होतं. ते एका ओळीत संपलं असतं. 'अशिक्षित बायका' कुठून आल्या? कोण मला ते लिहायला सांगत होतं?

कुणीच नाही. मी त्यांच्यातली आहे हे दाखवायला मी ते लिहिलं.

त्या रविवारी इमारतीच्या खाली, स्कूटर काढायच्या आधी, मी मोबाइल उघडून ते खालचं वाचलं. जे बाईने वाचलं नव्हतं ते.

"कुठल्या वस्तीतून येते ते विचारलंत का आधी?"

"त्या लोकांचं स्वच्छतेशी काय नातं, सगळ्यांना माहितीये."

"आमच्या मजल्यावर पण येते. मी कप वेगळा ठेवलाय."

एकीने लिफ्टमध्ये पाठमोऱ्या उभ्या असलेल्या आईचा फोटो टाकला होता. "हीच का?" खाली कियानची आई: "हीच."

या सगळ्याच्या वर, सगळ्यात जास्त पसंतीचं, माझं वाक्य. मी 'अशिक्षित' लिहिलं होतं. त्यांनी त्याचा अर्थ बरोबर लावला.

आठवड्याभरात आईची चारही घरं सुटली. चारही इमारती त्याच ग्रुपच्या.

पुढच्या रविवारी मी आरोहीला घेऊन वाडीत गेले. आई ओट्यावर तांदूळ निवडत होती. आरोही तिच्या मांडीत. मी म्हटलं, "आई, त्या दिवशी तिने वाचलं ना, तिसरं..."

"म्हाईत हाय."

"काय माहीत आहे?"

"तुजं व्हतं." तिने एक खडा उचलून बाजूला टाकला. "आरोहीची आई कोन ते मला नाय कळायचं व्हय? आन तसं शुद्ध बोलनारी आमच्यात दुसरी कोन हाय? तिच्या तोंडातून पन तुजा आवाज वळखला मी."

 मी विचारलं, "मग तिथे बोलली का नाहीस?"

"तू जिन्यात व्हतीस. तुजी सावली दिसत व्हती भितीवर. मी बोलले असते तर तुजी लाज गेली असती. येवढी शिकलीस."

माझी लाज राखायला ती 'बरं' म्हणाली होती.

मी रडायला लागले. तिने रडू दिलं, पण समजूत काढली नाही. मग म्हणाली, "नाकात तेल मी घालत नाय, हे तुला ठावं. आरोहीच्या वक्ताला त्या दवाखान्याच्या सिस्टरनी सांगितलं, तवाच सोडलं. तितं ती म्हातारी घालती, तिची सासू. मी नको बोलले तर म्हनली, तू मला शिकवू नको."

"मला माहीत नव्हतं गं ती तू आहेस. त्यात नाव नव्हतं."

आईने पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं.

"नाव नव्हतं. पन कुनाची तरी आई व्हतीच ना गं ती?"

मला कॉलेजात समता या विषयावर निबंधाला बक्षीस मिळालं आहे. त्या निबंधात हे वाक्य नव्हतं.

तिथेच ओट्यावर बसून मी ग्रुपवर लिहिलं. पहिल्यांदा माझं पूर्ण नाव, आडनावासकट. गाव, वाडी. लिहिलं की फोटोतली बाई माझी आई आहे. ती नाकात तेल घालत नाही, त्या घरातली माणसं घालतात. 'अशिक्षित बायका' हे शब्द माझे होते आणि ते मी मागे घेते. ती चूक माहितीतली नव्हती, मनातली होती. ज्यांनी तिच्या वस्तीविषयी लिहिलं त्यांनी ते इथेच, सगळ्यांसमोर मागे घ्यावं.

पंधरा मिनिटांत फोन आला. मिहिरची आई, ग्रुपची ॲडमिन. आवाज एकदम मऊ.

"अगं, काय हे? किती छान लिहितेस तू एरवी. ग्रुपवर जातीचा विषय नको ना आणूस."

"मी नाही आणला. तो आधीच तिथे आहे. कप वेगळा कशासाठी ठेवतात, ताई?"

"अगं ते हायजीन. आणि तुला कोणी काही बोललं का? तू किती वेगळी आहेस. आमच्यातलीच वाटतेस."

आयुष्यभर हे ऐकायला मी धडपडले होते. ण सुधारला तो यासाठीच. 

"वाटत असेन," मी म्हटलं. "पण नाही."

"बघ, मी ते सगळंच डिलीट करते. तुझं पण, त्यांचं पण. विषय संपला. उलट तू ॲडमिन हो माझ्याबरोबर, मला मदत होईल."

"त्यांचं पुसू नका. त्यांना मागे घ्यायला सांगा."

"मग माझा नाइलाज आहे."

संध्याकाळच्या आत माझी पोस्ट गेली आणि मीही गेले. आईचा फोटो तिथेच होता. एका मैत्रिणीने मला तो तिच्या मोबाइलवर दाखवला.

ऑफिसात सगळ्यांना मतं होती. कुणी म्हणालं, असल्या ग्रुपवर जायचंच कशाला. कुणी म्हणालं, या मोबाइलनेच माणसं बिघडवली. मी ऐकून घेतलं, पण पटलं नाही. मोबाइलला दोष दिला की माणूस सुटतो. पडवीतलं पान वाढलं तेव्हा मोबाइल नव्हता. ग्रुपने काही नवं शिकवलं नाही. आधी एका घराने आईला बाहेर बसवलं की तेवढंच घर बंद व्हायचं. आता एकीने विचारलं आणि चार इमारती बंद झाल्या. एवढाच फरक. आणि त्याला हातभार लावणाऱ्यांत या वेळी मीही होते.

तीन आठवड्यांनी कियानच्या आईचा फोन आला. मी वाडीतच होते. फोन स्पीकरवर टाकला.

"मावशींना पाठवाल का? बाळ आंघोळीला फार रडतं हो. डोक्यावर खपल्या धरल्यात. मला नाही जमत. माझ्या मनात काही नाहीये. फक्त ग्रुपवर कुणाला सांगू नका, मलाच नावं ठेवतील."

आईचा हात खुंटीवरच्या कामाच्या पिशवीकडे गेला. "बाळाचा काय दोष गं," ती हळूच म्हणाली.

मी फोनवर विचारलं, "नाकात तेल कोण घालत होतं?"

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला. मग, "सासूबाई. जुन्या वळणाच्या आहेत हो त्या."

"ते ग्रुपवर लिहा. आणि 'हीच' म्हणालात ते मागे घ्या. आई त्यानंतर येईल."

"एवढं काय ताणताय? त्या तर यायला तयार असतील. तुम्हीच अडवताय त्यांना. त्यांच्या पोटाचा विचार करा जरा."

मी काही बोलणार, तेवढ्यात आईने फोन माझ्या हातातून घेतला. पिशवी खुंटीवरच होती.

"बाय, खपल्या वरबाडू नको. आंगुळीच्या आधी तेल नुसतं लावून ठेव, मऊ झालं की आपसूक सुटंल. पानी कोमट घे, कोपर बुडवून बघ. आन मी काय येनार नाय. लेक सांगती तसं लिव. मग बघू."

फोन ठेवून ती मोरीत गेली आणि बराच वेळ नळ सोडून बसली. बाळ तिच्या डोक्यातून जात नव्हतं, हे मला कळत होतं. मी तिच्यामागे गेले नाही.

कियानच्या आईने अजून लिहिलेलं नाही. लिहील असं मला वाटत नाही. आईला त्या भागात काम नाही आणि मी तिला खोटा धीर देत नाही. आमच्या बाजूच्या तीन वाड्यांतून पाच जणी त्या इमारतींत न्हाऊ घालायला जातात. मी पाचहीजणींच्या घरी गेले, ग्रुपवरचं सगळं त्यांना अक्षर न गाळता वाचून दाखवलं. माझं वाक्य आधी वाचलं. एकीने मला शिवी दिली. ती मी घेतली. मग चौघी म्हणाल्या, आमीबी नाय जानार. पाचवी म्हणाली, तिला जावंच लागेल. तिला आम्ही नावं ठेवणार नाही.

आई विचारते, "आन नायच लिवलं त्यांनी तर?"

"तर नाही जायचं."

"किती दिस?"

"लिहीपर्यंत."

मला त्यांच्यातली व्हायचं नाही. त्यांची माफी खासगीत, फोनवर, हळू आवाजात मला नको. जिथे माझ्या आईला घाण म्हटलं तिथेच, तेवढ्याच लोकांसमोर, स्वतःच्या नावाने लिहायचं. मी लिहिलं, मेले नाही. त्याही मरणार नाहीत. त्यांनी लिहीपर्यंत आईच्या आणि त्या चौघींच्या मिळून दहा हातांपैकी एकही हात त्या इमारतींतल्या बाळाला लागणार नाही.